आधी चूळ, मग बाजा

देवाजीभाऊ माउथ ऑर्गन हातात घेण्याआधी माणसाचं तोंड बघायचे. मूल गावच्या बाजारात त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं आणि आसपासच्या गावांत माउथ ऑर्गन दुरुस्त करणारे ते एकटेच. गिऱ्हाईक आलं की म्हणत, "पह्यले तोंड उघडा." दातांवर खर्रा दिसला की कोपऱ्यातला तांब्या पुढे सरकवत. बाहेर नालीवर चूळ भरून यायची, मग पुढचं बोलणं. आमच्या भागात सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला हा खर्रा गालात धरल्याशिवाय माणसाला काही सुचत नाही, त्यामुळे ती नाली उन्हाळ्यातही कोरडी पडत नसे.

नव्वदीच्या दशकात मी तिथल्या शाळेत नवा गुरुजी होतो. माझ्या माउथ ऑर्गनचे तीन सूर बंद पडले म्हणून त्यांच्याकडे गेलो. वाटेत हापशीवर खसखसून तोंड धुतलं होतं, त्यामुळे तपासणीत मी हसत हसत पास झालो. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. आपण खर्रा खात नाही, उलट मुलांना आरोग्याचा धडा शिकवतो, हेही मी न विचारता सांगून टाकलं.

भाऊंनी वरचं पत्र्याचं झाकण काढलं. शिवणकामाच्या सुईने सुपारीचे कण उचलून कागदावर ठेवले. मग त्या कागदाची नीट पुडी बांधून माझ्यापुढे सरकवली.

"गुरुजी, हे तुमचं सामान. घेऊन जा."

बाकड्यावर माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील बसले होते. मी पुडी खिशात घातली आणि भाऊंना 'धन्यवाद' म्हणालो. धन्यवाद कशाबद्दल, ते मला अजून कळलेलं नाही.

एवढं होऊनही शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. माउथ ऑर्गनला ते 'बाजा' म्हणत. बाज्याच्या आत पितळेच्या बारीक पात्या असतात. पातीचं टोक घासलं की सूर चढतो, बूड घासलं की उतरतो. आपल्याकडच्या बाज्यात एकेका सुराला दोन पात्या असतात आणि दुसरी पहिलीपेक्षा किंचित चढी ठेवतात. मला ही चूक वाटली. एका संध्याकाळी खपून मी एका सुराच्या दोन्ही पात्या अगदी सारख्या करून दाखवल्या. भाऊंनी फुंकून पाहिलं.

"गुरुजी, दोघायले एका रांगेत उभं केलं तुमी. शाळा आहे का हे? थोडं वरखाली राहू द्या, तवाच सूर हालते."

पुढे काही वर्षांनी भाऊंना दम्याने धरलं. तरुणपणी ते राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीत होते, तिथली धूळ आता छातीत बोलू लागली होती. खाणीच्या दिवसांत हौसेने घेतलेला त्यांचा स्वतःचा बाजा दुकानाच्या खणात बेसूर पडून होता. "लोकायचे बाजे बोलते केले, माहाच मुका राह्यला," ते म्हणाले. "एकदा पुरा वाजवून पाह्याचा आहे." पण सूर लावायचा म्हणजे घासायचं, फुंकायचं, पुन्हा घासायचं. तेवढा श्वास त्यांच्याकडे उरला नव्हता.

"तुमी फुका, मी आयकतो. पण खर्रा सोडा लागंन. जमते का?"

"सोडलाच भाऊ," मी म्हणालो.

त्या दिवशी त्यांनी मला तोंड उघडायला सांगितलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

आठवडाभर मी रोज हापशीवर चूळ भरून जात होतो. एके दिवशी उशीर झाला, हापशीवर बायकांची रांग होती, मी तसाच गेलो. फुंकता फुंकता एक सूर मध्येच बंद पडला. भाऊंनी बाजा माझ्या हातातून घेतला, उजेडाकडे धरून पाहिला. मी बोलणी खायला तयार होऊन बसलो होतो. ते एवढंच म्हणाले, "जा गुरुजी, उद्या शाळा आहे ना तुमाले."

त्यानंतर मी गेलो की बाजा खणात असायचा. मी नसताना ते एकटेच सूर लावत होते. एकदा फुंकायचं, टेबल धरून बसायचं, दम परत आला की पुन्हा फुंकायचं. हे मी रस्त्यापलीकडून पाहिलं आहे. पलीकडे पानठेला होता आणि मी तिथे खर्रा घोटून घेत होतो. रस्ता ओलांडून कबूल करायला चार पावलं पुरली असती. मी ठेलेवाल्याला तंबाखू जरा कमी टाक म्हणालो आणि तेवढ्यावर स्वतःला सुधारलेला समजलो.

पोळ्याच्या आधी भाऊ गेले. तेरवीनंतर त्यांच्या बायकोने, सखूबाईंनी, बोलावून तो बाजा माझ्या हातात ठेवला. "तुमाले द्या म्हनून सांगतलं होतं त्यायनं."

मी विचारलं, पुरा वाजवला का कधी?

"वाजवला ना. एक सूर सोडून वाजवला. मी म्हटलं, तो काऊन सोडला? तं म्हनले, तो गुरुजीचा आहे."

घरी येऊन मी फुंकून पाहिलं. सगळे सूर भाऊंनी लावले तसे थरथरत होते. एकच मुका होता. झाकण काढलं, तर सुपारीचा कण जिथे अडकला होता तिथेच. बाज्यात धुळीचा ठिपका खपवून न घेणाऱ्या माणसाने त्याच्यावर झाकण लावून स्क्रू आवळले होते. मी सुई आणायला उठलो आणि लक्षात आलं, आत्ताही माझ्या गालात खर्रा आहे. सुई न घेताच मी झाकण परत लावलं.

त्याच दिवशी खर्रा सोडला असं लिहायला मला आवडलं असतं. त्याला आणखी दोन वर्षं लागली. तोवर बाजा फळीवर होता आणि तो सूर मुकाच राहिला. मग एका रविवारी तीन वेळा चूळ भरली, आरशात तोंड उघडून पाहिलं आणि सुई घेऊन बसलो. कण एका टोचणीत निघाला. एवढंसंच काम होतं.