बेबाअक्काचा आठवाला

आमच्या धरणगावच्या गल्लीत, बेबाबाईला यार आहे हे जाहीर करणारा मीच. पुरावा भक्कम होता. रोज संध्याकाळी आठाच्या ठोक्याला तिचा मोबाइल वाजायचा आणि पन्नाशीची ही विधवा ओट्यावरून उठून अशी आत पळायची, की दहावीतली पोर मागे पडावी. वर महिन्यातून एकदा, जळगाव जवळ असताना, एकटीच धुळ्याच्या एसटीत.

"अक्का, आठवालाना फोन उना वाटस!" मी ओरडायचो. आठ वाजताचा म्हणून आठवाला, हे नाव माझंच.

"उना ना. तुमले काय करनं शे, नाना?" ती हसायची. कधी नाकारायची नाही. बाई निर्लज्ज, असं आमचं ठरलं.

तिच्या पोराच्या, हितेंद्रच्या कानावर हे गेलं तेव्हा त्याची सोयरीक चालू होती. त्यानं मायला ओट्यावरच उभं केलं.

"धुयामा कोन शे तुना?"

आम्ही सगळे कान देऊन. बेबाबाईनं एकदा आमच्याकडं पाहिलं.

"शे एक," म्हणाली.

त्यानं मोबाइल पायरीवर आपटला आणि तिचं धुळं बंद केलं.

दोन महिन्यांनी ज्योती नावाची मुलगी धुळ्याहून तिला शोधत आली. काम काय, ते सांगेना. "त्यांनाच भेटायचंय." मी हितेंद्रला हाक मारली, "आठवालाना निरोप उना रे!" त्यानं तिला गल्लीच्या टोकापर्यंत हाकललं. आत बेबाबाई खोकत होती.

पुढच्या कापूस वेचणीपर्यंत वाळून काडी झाली आणि गेली.

राख सावडून आल्यावर हितेंद्र माझ्याकडं आला. दार लावलं आणि खिशातून धुळ्याच्या दवाखान्याचं कार्ड काढलं. गव्हाच्या कोठीत सापडलं होतं. एचआयव्हीची गोळी, रोज आठ वाजता. अकरा वर्षांच्या तारखा, एकही चुकलेली नाही. मोबाइल फुटला त्या महिन्यापासून कोरं. खाली दवाखान्याची बाई म्हणून ज्योतीचं नाव. आठवाला म्हणजे गजर होता. नवरा काविळीनं गेला, हेही तीच सांगायची.

"नाना, हे कोणाला सांगू नका," हितेंद्र म्हणाला. "आठवालाच राहू द्या. पुढल्या महिन्यात साखरपुडा आहे."

संध्याकाळी ओट्यावर विषय निघालाच.

"कशानं गेली हो बेबाबाई?" शेजारच्या सुगंधाबाईनं विचारलं.

"कशानं म्हणजे? त्यानं सोडलं, हिनं अंथरूण धरलं," मी म्हणालो. धुळ्यात त्याला दुसरी मिळाली, तीही दातपडकी, हे पदरचं जोडलं.

सगळे पोट धरून हसले. हितेंद्रही.