निपाणीला न गेलेली मोटरसायकल

आमच्या घरात एक नियम आहे आणि तो मीच केलेला आहे. जी वस्तू वर्षभर कुणी वापरली नाही, ती घराबाहेर. या नियमाने तांब्याचा बंब गेला, शिलाई मशीन गेलं. पती गेल्यावर त्यांचे शर्ट, बूट, स्वेटर मी याच नियमाने देऊन टाकले. बँक, पेन्शन, गॅस, वीजबिलावरचं नाव, सगळं एकामागोमाग एक मार्गी लावलं. कामं लिहून काढायची आणि झाली की त्यांवर रेघ मारायची, ही माझी सवय. त्या दिवसांत तिनेच मला उभं ठेवलं. शेवटी एकच काम उरलं. दारातली मोटरसायकल.

काळी, चार गिअरची, टाकीच्या दोन्ही बाजूंना यांच्या गुडघ्यांनी रंग घासून गेलेली. हे उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये होते. सकाळी शहापूरच्या गल्लीतून निघून मला बसस्टँडवर सोडायचे. तिथून मी सांबऱ्याची बस धरून शाळेच्या ऑफिसात जायची आणि हे गाडी वळवून कामावर.

मुलगा पुण्यात असतो. तो म्हणाला, "आई, इथं ठेवायला जागा नाही. तू ठरव." धाकटे दीर म्हणाले, "वैनी, उभी ऱ्हायली की गंजतीया. इकून मोकळ्या व्हा." मला पटलं. त्यांनीच निपाणीकडचं गिऱ्हाईक आणलं, स्वतःची शेती असलेला शांत माणूस. त्याने गाडीभोवती दोनदा फेरी मारली आणि म्हणाला, "आवडली. तेवढं तंबाखूचं काम उरकू द्या, मग येऊन न्हेतो." मी हो म्हटलं.

गाडी दुसऱ्याची होणार, म्हणजे तोवर ती नीट राहायला हवी. म्हणून दर रविवारी किक मारून थोडा वेळ चालू ठेवायची, असं ठरवलं. पहिले काही रविवार दीर आले. मग त्यांना कामं निघाली आणि किक मीच मारू लागले. पोटरी दुखायची, पण गाडी सुरू व्हायची. एका रविवारी ती अशीच धडधडत उभी असताना सासूबाई उंबऱ्यात आल्या. हे गेल्यापासून त्या गाडीकडे बघतही नसत. त्या दिवशी मात्र सरळ बघत म्हणाल्या, "जाग्यावर उभी करून पेट्रोल जाळतीस व्हय गं? जाळायचंच हाय तर जरा फिरवून तरी आन."

मला आधी हसू आलं. मग वाटलं, यात चूक काय आहे?

गाडी शिकायची आहे, असं मी दिरांना सांगितलं. "ह्या वयात?"

"लायसन्सला वरची वयोमर्यादा नाही. मी बघितलंय."

गल्लीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. समोरच्या बाई म्हणाल्या, "स्कूटी घ्या की. बायकांची गाडी ती." मी म्हटलं, "दारात एक उभी आहे. दुसरी कुठं लावू?"

शिकाऊ लायसन्स काढलं आणि रविवारी उद्यमबागेत गेलो. कारखान्यांना सुट्टी, रुंद रस्ते मोकळे. दीर मागे बसले. "वैनी, आता आवाज चढला की क्लच दाबायचा, आनि मग..." त्यांचं बोलणं पुरं होण्याआधी माझ्या पायाने गिअर टाकला होता.

"कुनी शिकवलं?"

"तुमच्या भावानं. मागं बसवून."

मागे बसणाऱ्याला पुढचा रस्ता नीट दिसत नाही, पण गाडी कळते. कोणत्या आवाजाला पाय हलतो, वळणाआधी वेग कुठे उतरतो, हे सगळं माझ्या अंगात मुरलेलं होतं. हातांना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. क्लच सोडला की गाडी आचका देऊन बंद पडायची. एका कोपऱ्यावर तर आम्ही दोघंही आडवे झालो. माझं कोपर सोललं, आरसा फुटला. दीर पँट झटकत उठले आणि म्हणाले, "वैनी, गाडी इकायची हाय. भंगारात न्हाय घालायची."

"मग भावजी, जरा लवकर सांगत चला."

पक्कं लायसन्स मिळालं आणि त्याच आठवड्यात निपाणीचा फोन आला. तंबाखूचं उरकलं, रविवारी येतो.

आता ठरवणं भाग होतं. मला गाडी हवी होती, पण शब्द दिलेला होता, आणि स्वतःचा नियमही होता. रविवारी मोकळ्या रस्त्यावर चकरा मारणं म्हणजे वापर नव्हे, ती हौस झाली. शनिवारी सकाळी सांबऱ्यापर्यंत एकटीने जायचं, असं मी ठरवलं. जमलं तर गाडी माझी. नाही जमलं, तर रविवारी हसतमुखाने किल्ली द्यायची.

कपिलेश्वरच्या उड्डाणपुलाच्या ऐन चढावर वाहनं अडली. पुढे टेम्पो, मागे बस, मी मध्ये. चढावर गाडी थांबली आणि मागे सरू लागली. मागून हॉर्न सुरू झाले. उजवा पाय ब्रेकवर दाबला, पहिला गिअर टाकला आणि क्लच अगदी सावकाश सोडत गेले. इंजिनचा आवाज जड झाला. हाच तो आवाज. इथेच यांचा पाय ब्रेकवरून उठायचा आणि माझी पाठ किंचित मागे जायची. मी ब्रेक सोडला. गाडी जराही मागे न जाता वर चढली. बस बाजूने पुढे गेली, तेव्हा ड्रायव्हर खिडकीतून कानडीत म्हणाला, "होग्री अक्का, निधान होग्री." सावकाश जा म्हणत होता. मी सावकाशच गेले. सांबऱ्याला शाळेच्या फाटकाशी गाडी लावली तेव्हा शिपाई पाणी प्यायचा थांबला.

संध्याकाळी निपाणीला फोन लावत राहिले, लागला नाही. रविवारी तो माणूस बसने आला, हातात नवं हेल्मेट. पोहे दिले, चहा दिला आणि सरळ सांगितलं, "माफ करा. तुम्हाला खेप पडली. पण गाडी द्यायची नाही."

त्याचा चेहरा उतरला. "का ओ? कोन चालवनार?"

"हीच की," सासूबाई आतून म्हणाल्या. "सांबऱ्याला जाऊन आली काल."

तो दिरांकडे बघू लागला. दिरांनी मान हलवली. "खरं हाय. मलाबी न्हेती आता."

त्याने चहा संपवला. मग हेल्मेट उचलून म्हणाला, "मग मला स्टँडवर सोडा. बघू तरी."

शहापूरच्या गल्लीतून आम्ही निघालो. मागे पांढऱ्या टोपीवर हेल्मेट चढवलेला, दोन्ही हातांनी सीट धरून बसलेला पाहुणा आणि पुढे मी. साडीच्या दुकानातलं गिऱ्हाईक दारात आलं. कुणीतरी "वैनी, सांभाळून" म्हणालं. पूल चढताना पाहुण्याने श्वास रोखलेला मला पाठीला कळला, उतरताना सोडलेलाही.

स्टँडवर उतरून त्याने गाडी पुन्हा एकदा निरखली. "चांगली ठेवलीया," म्हणाला. "अशी दुसरी कुठं दिसली तर सांगा."

"सांगते की," मी म्हटलं.

निपाणीची बस लागलेली होती, तो घाईने गेला. मी वळायला निघाले, तर मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मीही दिला, त्याच्यापेक्षा लांब, आणि मगच वळले.