अध्यक्ष रेडिओ ऐकायला आले तेव्हा

आमचं रेडिओ केंद्र बंद पडणार, हे मी तिथे कामाला लागले त्या दिवसापासून ऐकत होते. झाडू हातात देताना साहेबांनीच सांगितलं होतं, "आक्का, दोन-तीन महिन्यांचंच काम आहे, चालेल का?" मी म्हटलं, चालेल. त्याला आता बरीच वर्षं झाली. एखादी गोष्ट नीट बंद करायलाही कुणीतरी धड माणूस लागतो, तसा आमच्यात कुणी नव्हता.

केंद्र म्हणजे कोल्हापुरातल्या एका संस्थेच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पुढची खोली मोठी. तिच्या भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी ठोकलेलं, मध्ये टेबल आणि माइक. मागची खोली लहान, तिच्यात चहाची शेगडी आणि मोडक्या खुर्च्या. गच्चीवर एक पत्र्याची खोली होती, तिच्यात आमचा आवाज हवेत सोडणारं मशीन. त्या खोलीला कुलूप, आणि किल्ली मशीनवाल्याच्या करदोड्याला. आवाज जायचा शहरभर आणि लगतच्या चार गावांत. त्याच्या पुढे नाही, कारण परवानगीच तेवढ्याची होती.

माणसं चार. एक साहेब, ते हातकणंगल्याहून रोज रेल्वेनं यायचे. कुठलीही वाईट बातमी आली की ते आधी चष्मा पुसायचे, आणि बातम्या बहुतेक वाईटच असल्यामुळं चष्मा नेहमी स्वच्छ असायचा. दुसरी निवेदिका, तरणी आणि शिकलेली. माइक चालू असला की "श्रोतेहो" म्हणायची, बंद झाला की "मरू दे की" म्हणायची. तिसरा मशीनवाला, चंदगडचा. चौथी मी.

मी माइकपुढं बसले ती कुणी बोलणारं उरलं नव्हतं म्हणून. एका सकाळी निवेदिकेची एसटी वाटेत बंद पडली होती, साहेबांचा घसा बसला होता. मशीनवाल्याला बसवलं तर तो नुसता श्वास घेत राहिला. साहेबांनी माझ्या हातातला झाडू काढून घेतला.

"आक्का, बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"सकाळपासनं काय केलंत ते सांगा."

सकाळी मी मंडईत गेले होते, ते सांगितलं. मेथी पाण्यात बुडवून जड केलेली होती. वांग्यांना भोकं होती. दोडका चांगला होता, पण चांगला असला तरी दोडकाच. असं करत अर्धा तास गेला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी परत बसवलं, आणि मग ते रोजचंच झालं. आधी झाडायचं, मग बोलायचं.

मला बोलायची हौस नव्हती. मला बाहेर पडायला कारण हवं होतं. घरी सून आहे. ती वाईट नाही. मीही वाईट नाही. पण एका ओट्याशी दोन बायका दिवसभर उभ्या राहिल्या की आमटीत दोनदा मीठ पडतं, आणि ते कुणी टाकलं यावर संध्याकाळ जाते. केंद्र चालू होतं तोवर मी सकाळी बाहेर पडत होते आणि दुपारी परत येत होते. केंद्र बंद पडलं असतं तर मला घरी बसावं लागलं असतं. बाकीच्यांचं काय बुडणार होतं ते त्यांना माहीत. माझं हे होतं.

ऐन पावसाळ्यात संस्थेकडून निरोप आला. अध्यक्ष स्वतः गुरुवारी येऊन बघणार. आमच्या पुढच्या खोलीवर एका जिमवाल्याचा डोळा होता, आणि भाडं तो चांगलं देणार होता. केंद्राला ऐकणारे असतील तर ठेवू, नसतील तर सगळं गुंडाळू, असं अध्यक्षांचं म्हणणं. ते व्यापारी घराण्यातले, बोलणं थोडकं.

साहेबांनी चष्मा पुसला आणि युक्ती काढली. गुरुवारी माझा कार्यक्रम चालू असताना श्रोत्यांचे फोन घ्यायचे, म्हणजे अध्यक्षांना समोरच ऐकू येतील. श्रोते आपण आधी ठरवून ठेवायचे. निवेदिकेनं तिची मावशी दिली. साहेबांनी स्वतःची बायको दिली. मशीनवाला त्या वेळी गावाकडं भाताच्या लावणीला गेला होता, त्याला फोन लावला. तो म्हणाला, "माझा मेव्हणा करंल की फोन. बोलायला वाघ हाय."

मी साहेबांना विचारलं, "आपणहून फोन करणारं एकबी माणूस न्हाई का?"

"असेल आक्का. पण ते गुरुवारीच फोन करेल, याचा काय भरवसा?"

मी घरी येऊन सुनेला सांगितलं. केंद्र बंद पडलं तर मी दिवसभर घरी असेन, असंही सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली आणि म्हणाली, "किती वाजता करू फोन?"

गुरुवारी अध्यक्ष आले. पांढरे कपडे, पांढऱ्या चपला. ते पुढच्या खोलीत माझ्या समोरच बसले. मशीनवाला आदल्या दिवशी संध्याकाळी गावाकडनं परत आला होता, तो दारात उभा राहिला. निवेदिकेनं "श्रोतेहो" केलं आणि मी मंडईचं सांगायला लागले. कोथिंबीर पावसानं सडली आहे, घेऊ नका. मग फोन सुरू झाले.

पहिली निवेदिकेची मावशी. "आत्ताच तुमचं कोथिंबिरीचं ऐकलं. आवाज अगदी लख्ख येतोय!"

अध्यक्षांनी मान हलवली.

दुसरी माझी सून. नाव, गाव काही न सांगता तिनं एकदम सुरुवात केली. "ह्यो कार्यक्रम बंद करू नका. आमच्या घरात सगळ्यांना ह्याचा आधार हाय. त्या आक्कांना तिथंच ऱ्हाऊ द्या. हात जोडते, तुमच्या पाया पडते."

अध्यक्ष आमच्या साहेबांना हळूच म्हणाले, "बाई कळवळून बोलली हो."

"बोलणारच," मी म्हटलं. ते माइकवरनं गेलं. म्हणजे तेव्हा आम्हाला तसं वाटलं.

तिसरा फोन मेव्हण्याचा. फोनमध्ये आवाज कमी आणि पावसाचा मारा जास्त.

निवेदिकेनं विचारलं, "श्रोते मित्रा, कुठून बोलताय आपण?"

"गगनबावड्यातनं! लई पाऊस हाय! पर आवाज कसा लख्ख येतोय! शेजारी बसल्यावानी!"

अध्यक्षांची मान हलायची थांबली. त्यांनी फोन ठेवायला लावला, गाणं लावायला सांगितलं, आणि साहेबांकडं वळले. "गगनबावड्याला आवाज जातो आपला?"

साहेबांनी चष्मा काढला. तेवढ्यात दारातनं मशीनवाला बोलला, "आभाळ आलं की जातो साहेब. ढगावर आपटून जातो."

"आणि ऊन पडल्यावर?"

"मग न्हाई जात."

अध्यक्षांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "रेडिओ लावा एक. मलाही ऐकू दे लख्ख आवाज."

आम्ही चौघं एकमेकांकडं बघत राहिलो. केंद्रात रेडिओ नव्हता. कुणाच्या घरीही नव्हता. आम्ही ऐकायचो ते खोलीतल्या स्पीकरवर, आणि तो सरळ माइकला जोडलेला. रेडिओ विकत घ्यावा असं इतक्या वर्षांत कुणाच्या मनात आलं नव्हतं. हलवायानं घरी जाऊन पेढा खावा, तसलं ते वाटायचं.

"माझ्या गाडीत आहे," अध्यक्ष म्हणाले.

निवेदिकेला फोन घ्यायला वर ठेवलं आणि आम्ही सगळे जिना उतरून रस्त्यावर आलो. ड्रायव्हरनं गाडीतला रेडिओ लावला आणि आमच्या केंद्राच्या आकड्यावर आणला. नुसती खरखर. त्यानं पुढं केलं, तिथं दुसऱ्या केंद्रावरचं सिनेमाचं गाणं खणखणीत लागलं. परत मागं आणलं. परत खरखर.

"मालक, हितं काय न्हाई," ड्रायव्हर म्हणाला.

मशीनवाल्याचा हात करदोड्याच्या किल्लीवर गेला आणि तिथंच राहिला. त्याचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला.

"आक्का," तो माझ्या कानाशी म्हणाला, "ईज."

"काय ईज?"

"गावाला जायच्या दिवशी ईज कडाडली. मी मशीन बंद केलं, वायर काढून ठेवली. आमच्याकडं आभाळ गरजलं की टीव्हीची वायर काढत्यात. मग एसटीची वेळ झाली."

"आणि काल आल्यावर?"

"काल वडा खाल्ला आणि झोपलो."

तो हळू बोलत होता, पण व्यापाऱ्याचा कान तिखट असतो. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे गेले आठ दिवस तुम्ही लोक खोलीत बसून एकमेकांशीच बोलत होता?"

साहेबांनी थोडा विचार केला. "तसं म्हणता येईल," ते म्हणाले.

नेमकी त्याच वेळी वरच्या उघड्या खिडकीतनं आमच्या स्पीकरचा आवाज खाली आला. साहेबांची बायको फोनवर होती. "रोज ऐकते मी. एक दिवस चुकवत नाही. आवाज अगदी लख्ख!"

आम्ही सगळे मान वर करून ते शेवटपर्यंत ऐकत राहिलो. माझ्या डोळ्यांपुढं आमचा ओटा आला.

मशीनवाला जिन्यावर पळाला. थोड्या वेळानं गाडीतली खरखर फटकन थांबली आणि निवेदिकेचा आवाज आला. "श्रोतेहो, आपल्या या उदंड प्रतिसादाबद्दल..."

"आलं! आलं!" रस्त्यापलीकडनं कुणीतरी ओरडलं. तो इस्त्रीवाला होता. समोरच्या झाडाखाली त्याची हातगाडी असते, वर ताडपत्री. त्याच्या गाडीला टांगलेल्या रेडिओतनंही निवेदिका बोलत होती. तो हातात इस्त्री घेऊनच आमच्याकडं आला. "काय ओ, आठ दिवस कुठं गेलता? मी माझा रेडिओ दुरुस्तीला टाकला की! त्यानं उघडला, मिटला, आणि पैसे घेतले. आणि बिघाड तुमचा व्हय?"

अध्यक्षांनी विचारलं, "तुम्ही ऐकता हे?"

"मग? ह्या म्हातारीनं नको म्हटलेली भाजी मी घेत न्हाई."

"मग समोरच तर केंद्र आहे. आठ दिवसांत वर येऊन सांगायचं नाही?"

"सांगणार कुणाला? ही रोज हितनं जाती, पर आमचं बोलणं बंद हाय."

अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "ह्यानं माझं पातळ जाळलं. पदराला इस्त्रीएवढं भोक हाय."

"पातळच विरलेलं होतं!"

"विरलेलं होतं तर इस्त्रीला कशाला टाकलं असतं?"

"ते तुमचं तुमाला ठाऊक! वर माइकवरनं सांगितलं की समोर इस्त्रीला कापडं टाकू नका म्हणून! आख्ख्या गल्लीनं ऐकलं! दोन आठवडं झालं, एक गिऱ्हाईक न्हाई माझ्याकडं!"

अध्यक्षांनी हात वर केला. आम्ही दोघंही थांबलो. "गिऱ्हाईक खरंच थांबलं?" त्यांनी इस्त्रीवाल्याला विचारलं.

"बघा की." त्यानं आपली गाडी दाखवली. गाडीवर त्याचाच एक शर्ट होता.

अध्यक्ष त्या शर्टाकडं बराच वेळ बघत राहिले. सुनेच्या कळवळ्यानं जे झालं नाही ते त्या शर्टानं झालं. माणसं ऐकतात, आणि ऐकून गिऱ्हाईक हलतं, एवढं त्यांना कळलं. ते साहेबांना म्हणाले, "पुढची खोली जिमला जाईल. ते ठरलं. तुम्ही मागच्या खोलीत जा. जाहिराती आणा, देतील त्या दुकानांच्या. आणि आधी एक रेडिओ विकत घ्या." मग माझ्याकडं वळले. "आक्का, उद्या माइकवरनं ह्या माणसाची माफी मागा."

"मागणार न्हाई," मी म्हटलं. "पातळ जळलंय."

"मग निदान इस्त्रीला कापडं टाका म्हणून सांगा."

"ते सांगते. सुती टाका म्हणून सांगते."

इस्त्रीवाल्याला ते पटलं.

आता माइक मागच्या खोलीत, शेगडीशेजारी आहे. चहाला उकळी आली की तीही हवेत जाते. भिंतीपलीकडं सकाळी जिम भरतं आणि धाड धाड आवाज येतो. परवा एका बाईनं आपणहून फोन केला, कुणी न सांगता. मेथीबद्दल काही विचारलं नाही. म्हणाली, "आक्का, रोज सकाळी काय कांडता ओ?"

मी सांगितलं, "कांडत न्हाई. शेजारी माणसं लोखंड उचलत्यात आणि परत खालीच ठेवत्यात."

जिमवाल्यालाही झाडायला माणूस हवं होतं. त्याचं झाडणं संध्याकाळी असतं, म्हणून आता मी दिवेलागणीलाच घरी जाते. हे पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा सुनेनं रव्याचा डबा काढला. रात्री पानात शिरा होता.