आरतीच्या वेळची बोट

ती कासवं अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. मी चुकीच्या माणसाला आत टाकलं, आणि खरा गुन्हेगार रोज सकाळी ठाण्याच्या जीपमधून, कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालून नदीवर उतरत होता.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. निपाणी भागातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. वेदगंगेच्या पुरात कामी यावी म्हणून जिल्ह्याहून आम्हाला एक बोट मिळाली होती. पांढरी शुभ्र, मागं इंजिन टांगलेली. पावसाळ्याआधी शिपायांना ती चालवायचा सराव द्यावा, असा हुकूम होता. मला स्वतःला पोहता येत नव्हतं, पण हुकुमात तशी अट नव्हती.

सरावासाठी मी एका देवळाखालचा डोह निवडला. वरिष्ठांना कळवलं की तिथं पाणी खोल व संथ आहे. खरं कारण वेगळं. सकाळच्या आरतीला घाटावर माणसं जमत, आणि भरवेगात बोट वळवली की सगळी माना वळवून बघत. बघणारं कुणी नसताना शौर्य गाजवायची मला सवय नव्हती.

त्या डोहात परातीएवढी, मऊ पाठीची कासवं होती. आरतीची घंटा वाजली की ती वर येत. देवळात शिरताना दगडी कासवाला हात लावायचा आणि बाहेर आल्यावर जिवंत कासवांना मूठभर चिरमुरे टाकायचे, ही तिथली जुनी रीत.

आमचा सराव सुरू झाला आणि काही दिवसांत मेलेली कासवं काठाला लागू लागली. पाठीवर खोल, तिरके घाव. पुजारी आणि गावातली दोन-चार वजनदार माणसं ठाण्यात आली, ती नाव ठरवूनच.

"कोयत्याचे वार हैत, सायेब. दिवसभर नदीवर कोण आसतंय? त्यो काहीलवाला. त्याला ना देव, ना देऊळ."

काहील म्हणजे गुळाचा रस उकळायची भली मोठी लोखंडी कढई. गुऱ्हाळावरची एक जुनी काहील घेऊन हा माणूस लोकांना नदीपार सोडायचा. बौद्ध वस्तीत राहायचा, देवळाची पायरी चढत नसे. मी घरझडती घेतली. कोयता सापडला. आमच्या ऊसपट्ट्यात कोयता नसलेलं घर कुठलं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. जप्ती, पंचनामा, अटक, सगळं जेवणाच्या आत उरकलं आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

चौकशी सुरू केली.

"कासवं का मारलीस?"

"मारली न्हाईत, सायेब."

"मग घाव कुणी घातले?"

"ठाव न्हाय. बगितलं आसतं तर सांगितलं आसतं."

"देवळात जात नाहीस ना तू?"

"न्हाय जात. म्हणून कासवावर कशाला राग धरीन? ती माझ्या काहिलीसंगट पवत्यात."

हवालदारानं त्याच्या कानाखाली दोन ठेवून दिल्या. मी त्या वेळी खिडकीबाहेर पाहत होतो. आमच्या खात्यात खिडकीबाहेर पाहण्यात वाकबगार असे पुष्कळ अधिकारी होते. मी त्यांत वरच्या नंबरात होतो.

त्याची बायको भाकरी घेऊन यायची आणि ठाण्याच्या पायरीवर बसून राहायची. गावातल्या काहींनी काहील काठावर ओढून तिच्यात धोंडे भरले होते. ती म्हणाली, "सुटून आला तरी त्याच्या काहिलीत बसणार कोण, सायेब? कासवमाऱ्या म्हणून नाव पडलंय. आमी गाव सोडायचं का?"

"तपास चालू आहे," मी म्हणालो. नोकरीभर या वाक्यानं मला फार सांभाळून घेतलं.

आरोपीकडून जागा दाखवून घ्यायची, म्हणून मी त्याला घेऊन नदीवर गेलो. काठानं चालत जाता आलं असतं. पण बोट असताना फौजदार चालेल कसा? बेड्या घातलेला आरोपी समोर बसवला, तक्रार घेऊन आलेल्यांतलेच दोघं पंच म्हणून शेजारी घेतले, आणि शिपायाला म्हटलं, "सोड फुल!" आरतीची वेळ होती. घंटा सुरू झाली. घाटावरच्या माना वळल्या. मी छाती पुढं काढली.

"आवो, कासव! कासव!" एक पंच ओरडला.

खालून दणका बसला. बोट उचलली गेली, इंजिन गचकन बंद पडलं. मागं पाणी लाल झालं आणि एक कासव कलतं होऊन वर आलं. पाठीवर चार तिरके घाव, अगदी तसलेच. इंजिनाच्या पंख्याचे.

कोयता ठाण्यात लाखेच्या मोहोरेखाली होता. आरोपीच्या हातांत माझ्याच बेड्या होत्या. दुसरा पंच खाकरून म्हणाला, "सायेब, ह्ये बी पंचनाम्यात घ्यायचं का?"

काहीलवाल्यानं बेडीतल्या हातांनी ते कासव बोटीशी धरून ठेवलं. ते पाय हलवत होतं. आम्ही वल्ही मारत घाटाला लागलो, तोवर ते थांबलं होतं.

घाटावरच मी बेड्या काढल्या. लोकांसमोर म्हणालो, "कासवं माझ्या बोटीनं मारली. या माणसाचा काही संबंध नाही." त्याच्या सुटकेचा अहवाल कोर्टात गेला, माझा खुलासा वरिष्ठांकडं गेला, आणि तिथून जे यायचं ते आलं. डोहाच्या वर आणि खाली बांबू रोवून लाल फडकी बांधली. त्यांच्या आत इंजिन बंद, नुसती वल्ही. एक शिपाई बोटीच्या टोकाला, नजर पाण्यावर. आरतीच्या वेळी बोट काठालाच. डोहाबाहेरही वेग बेताचा, कारण कासवाला श्वासासाठी वर यावंच लागतं आणि वर आल्यावर वेगातली बोट त्याला चुकवता येत नाही. माझी बदली होईपर्यंत तसले घाव पुन्हा दिसले नाहीत.

या प्रकरणानं शिकवलं ते पोलीस ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. खबर आयती आणि नावासकट आली, की आधी खबर देणाऱ्याला विचारावं, हेच नाव का? संशय कुणावर घ्यायचा हे गावानं माझ्याआधीच ठरवलं होतं. मी फक्त सही केली. आणि ज्या हत्याराचा मला अभिमान होता, त्याच्याकडं मी हत्यार म्हणून कधी पाहिलंच नाही.

ज्यांनी काहिलीत धोंडे भरले होते, त्यांच्याकडूनच मी ते काढवून घेतले. नवराबायको काठावर उभी राहून बघत होती. वस्ती पलीकडच्या तीरावर. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "बसा बोटीत. वल्ह्यांनी सावकाश सोडतो."

बाईनं बोटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"नगं. आमची काहीलच बरी, सायेब. तिला इंजिन न्हाय आन् फौजदारबी न्हाय."