हळू पडणारे सागरगोटे

एकदा हाती धरलेली गोष्ट जन्मात स्वतःहून न सोडणारा असा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि ते म्हणजे माझे साडू. डोंबिवलीत राहतात, ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहितात, म्हणजे ज्या धंद्यात सकाळची गोष्ट संध्याकाळी जुनी होते त्या धंद्यात पोट भरतात. पण स्वभाव असा, की त्यांच्या शिंप्याला हल्ली नीट दिसत नाही आणि प्रत्येक पँटचा डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर आखूड होतो, तरी साडू त्याच्याचकडे कापड नेऊन देतात. ‘अहो साडूभाऊ, लग्नातला सूट त्याने शिवलेला, आता डोळे गेले म्हणून सोडू का त्याला?’ असे मलाच विचारतात आणि किंचित कलंडून चालायला लागतात. आमच्या मेव्हणीबाईंचे म्हणणे असे, की ह्या स्वभावाचा फायदा साऱ्या जगात एकट्या त्यांनाच झाला आहे, आणि तोही त्यांना अधूनमधूनच पटतो.

त्यांचा न्हावी पूर्वी घराखालीच बसायचा. पुढे दुकानाचे भाडे परवडेना म्हणून तो लोकलने दोन स्टेशने पलीकडे, दिव्याला गेला. दुसऱ्या कोणी त्याच दिवशी समोरच्या एसी सलूनमध्ये डोके नेऊन दिले असते, पण साडू केस कापायला दिव्याला जायला लागले. एकदा अर्ध्या गालाला साबण लागलेला असताना तिथले पाणी गेले. साडू तसेच, अर्धी दाढी घेऊन, घरी आले आणि पुढच्या खेपेपासून पाण्याचा कॅन बरोबर नेऊ लागले. दाढी करायला घरून पाणी घेऊन परगावी जाणारा दुसरा माणूस कुणाच्या पाहण्यात असेल तर मला कळवावे. नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्याला देवीला जातात तेव्हाही चप्पल एका ठरावीक फुलवाल्याच्या पाटीशीच काढतात. एका वर्षी तो फुलवाला आला नव्हता, तर हे चप्पल हातात धरून त्याची वाट पाहत उभे राहिले होते.

मोबाइलवर ‘अपडेट करा’ असा निरोप आला की साडूंचा चेहरा दारात अनोळखी विक्रेता आल्यासारखा होतो. ‘नको’ म्हणायचे आणि कडी लावायची. ऑफिसातली तरुण पोरे त्यांना कुठल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये बदल सुचवायला आली, की त्यांचे एकच वाक्य ठरलेले असते: ‘चालतंय ना रे? मग हात कशाला लावतोस?’ गंमत म्हणजे त्यांचे सगळे खरोखरच चालत असे. निदान बरीच वर्षे चालले.

ह्या माणसाने आयुष्यात स्वतःच्या हौसेने एकच गोष्ट बनवली, आणि ती म्हणजे सागरगोट्यांचा मोबाइल गेम. हौस म्हटले, पण तेही खरे नाही. शहाडला राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीला, ताईंना, अर्धांगाचा झटका आला आणि उजव्या हाताची बोटे ऐकेनाशी झाली. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला तो त्यांनी खिडकीतून खाली टाकला आणि म्हणाल्या, ‘हे असलं चाळ्याचं काम मला सांगू नका.’ ताई म्हणजे कल्याणात लहानपणी सागरगोट्यांत कुणाला हार न गेलेली मुलगी. भाऊ तेव्हा शेजारी बसून सांडलेले गोटे गोळा करून द्यायचा. तोच भाऊ आता बसला आणि त्याने गेम लिहिला. बोटाने एक गोटा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत पडद्यावरचे बाकीचे वेचायचे आणि वरचा झेलायचा. ताई सकाळ-दुपार खेळू लागल्या. बोटे हलू लागली. ‘अजून हात आहे हो माझा,’ असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आमच्या घरीही बायकोने तो गेम घेतला होता.

असे गेम कोणी मुळापासून लिहीत नाही, हे मला साडूंनीच समजावले. वस्तू वर जाणे, खाली पडणे, एकमेकांवर आपटणे, ह्यांसाठी दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार भाग मिळतात, त्यांना लायब्ररी म्हणतात, आणि आपण ते आपल्या प्रोग्रॅमला जोडायचे असतात. साडूंनी जोडलेली लायब्ररी उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातल्या एका माणसाने लिहिली होती. तिची नवी आवृत्ती येई तेव्हा ती घ्यायची असते. साडूंनी एकही घेतली नाही. कारण विचारले तर म्हणाले, ‘सुरुवातीला मी अडलेलो तेव्हा त्याने मला स्वतः उत्तर लिहिलेलं. पुढे त्याने काम सोडलं, दुसऱ्यांनी हातात घेतलं. आता नवं घ्यायचं म्हणजे त्याचं काढून टाकायचं.’ संगणकाच्या तुकड्याशी असे सोयरिकीचे नाते ठेवणारा माणूस पाहून मी तेव्हा पोट धरून हसलो होतो.

पहिला दणका आमच्याच घरी बसला. बायकोचा फोन रात्रीत आपला आपण अपडेट झाला आणि सकाळपासून गेम उघडला की पडदा काळा व्हायचा आणि गेम बंद पडायचा. साडू लॅपटॉप घेऊन आले, फोन त्याला वायरने जोडला आणि पडद्यावरून धावणाऱ्या ओळी पत्रिका पाहावी तसे गंभीर होऊन वाचत बसले. कारण सापडेपर्यंत चहा घेतला नाही, त्यामुळे आम्हालाही मिळाला नाही. शेवटी म्हणाले, ‘नव्या सिस्टिमला जुनी लायब्ररी चालत नाहीये. गेम तिला हाक मारतो, फोन तिला आत घेत नाही.’

‘मग नवी जोडा की, भाऊजी,’ बायको म्हणाली.

साडूंनी वायर गुंडाळून लॅपटॉप पिशवीत घातला. जाताना मात्र दारात थांबून मला म्हणाले, ‘ताईचा फोन जुना आहे. तिचं चालतंय अजून.’ त्याच संध्याकाळी शहाडला जाऊन ताईंच्या फोनमधले अपडेट त्यांनी बंद करून टाकले.

पण फोनची बॅटरी साडूंचे ऐकणार थोडीच. ती फुगली, फोनची पाठ उघडली, आणि ताईंच्या मुलाने कल्याणहून नवा फोन आणून दिला. ‘मामा, जुनं काय चालणार ह्याच्यावर? नवीन टाकून द्या, सिंपल आहे,’ असे म्हणून तो कामावर निघून गेला. ताईंनी गेम उघडला, पडदा काळा झाला, गेम बंद पडला. त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिले आणि मग सोडून दिले. दुसरे काही खेळेनात, हात मांडीवर ठेवून बसू लागल्या. बोटे परत आखडायला लागली, तेव्हा साडूंपुढे इलाज उरला नाही.

ते काम त्यांना फार जड गेले. इतक्या वर्षांच्या आवृत्त्या एकदम ओलांडायच्या, तेव्हा एक भाग नवा केला की दुसरा रुसायचा, त्याची समजूत काढली की तिसरा. लग्नघरातल्या मानपानासारखे चालले होते. अखेर एका रविवारी दुपारी त्यांचा फोन आला, ‘झालं. चला माझ्याबरोबर शहाडला.’ आवाजात आनंद नव्हता. मला वाटले, दमले असतील.

ताईंनी नवा फोन मांडीवर घेतला, बोटाने गोटा उडवला आणि खालचे वेचायला गेल्या. एक वेचेपर्यंत वरचा पडून गेला होता. पुन्हा उडवला, पुन्हा पडला. पदराने त्यांनी आधी काच पुसली, मग बोट पुसले.

‘अरे, हे गोटे असे का पडताहेत?’

‘सवय होईल ताई.’

‘सवय कसली? आधी हळू पडायचे का?’

साडूंना खोटे बोलता येत नाही. खाली बघत म्हणाले, ‘हो. जुन्या लायब्ररीत तेवढी चूक होती. पुढच्या आवृत्त्यांत ती थोडी थोडी करून सुधारली. खरे गोटे असेच पडतात.’

मला त्या क्षणी कळले, की नवी आवृत्ती न घेण्यामागे त्या थंड देशातल्या माणसाच्या उपकारांपलीकडेही एक कारण होते. ताईंनी उजवा हात उताणा-पालथा करून पाहिला.

‘म्हणजे माझा हात सुधारलाच नव्हता.’

‘सुधारला होता ग. आणि मी परत हळू करतो, एक आकडा बदलायचा आहे फक्त.’ त्यांनी तिथेच लॅपटॉप उघडून आकडा बदलला. ताई खेळल्या. सगळे गोटे वेचले, वरचाही झेलला, आणि फोन बाजूला ठेवला. ‘छान केलंस,’ त्या म्हणाल्या, ‘पण आता मला कळलं ना रे. आता झेलून काय करू? ते मघासारखं करून ठेव, खरं पडतं तसं.’

परतताना शहाडच्या पुलावर साडू थांबले. खाली उल्हास नदी होती, पण ते तिकडे बघत नव्हते. ‘दर वेळी नवं आलं तेव्हा घेतलं असतं तर गोट्यांचा वेग थोडा थोडा वाढत गेला असता,’ ते म्हणाले. ‘तिच्या हातानेही थोडं थोडं शिकून घेतलं असतं. मी तिला जपतोय असं समजत होतो, आणि तिला होती तिथेच धरून ठेवलं.’ एरवी त्यांची टिंगल करायला मला एवढेसे निमित्त पुरते. त्या दिवशी मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला त्यांच्याबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती.

ताई आता खऱ्या वेगाचाच गेम खेळतात, कुणाला आकडा बदलू देत नाहीत. झेलला तर फोन करीन, असे त्यांनी भावाला सांगून ठेवले आहे. एकदा तसा फोन आला होता. साडू ऑफिसमध्ये होते, मीटिंग सोडून बाहेर आले आणि जिन्यातूनच मला कळवले. त्याला आता बरेच दिवस झाले, दुसरा अजून आलेला नाही. परवा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो, तर साडूंचा फोन ताटाशेजारी पडदा वर करून ठेवलेला होता, आणि पोळी वाढताना मेव्हणीबाई त्यावर हाताची सावलीसुद्धा पडू देत नव्हत्या.