फाटकावरच्या पक्ष्याची चोच

मँचियोनील गावात पाट्या रंगवणारा एकच माणूस होता, मास युस्टस पिनक. मास म्हणजे तिकडचं मिस्टर. पाटी खाटकाची असो की चर्चची, कोपऱ्यात त्याचा डॉक्टरबर्ड असायचाच. अंगठ्याएवढा हमिंगबर्ड, हिरवं अंग, काळी टोपी, शेपटीची दोन लांबलचक पिसं आणि चोच काळी. चोचीच्या बाबतीत तो कोणाच्या बापाचं ऐकत नसे. जमैकाच्या पूर्व टोकाला हा पक्षी काळ्या चोचीचाच असतो, आणि मास युस्टस पूर्वेचा होता.

गोची अशी, की बायको त्याने बफ बेहून आणली. तिकडे पश्चिमेला अंग तेच, शेपटी तीच, उडताना होणारी भुणभुणही तीच, पण चोच लालभडक. मिस आयसिल्डाचं म्हणणं असं, की बेटावर लाल चोचवालेच जास्त, शाळेच्या पुस्तकातही तोच छापलाय, तेव्हा दुसऱ्याला पक्षी म्हणणं हा नुसता लाड आहे.

"तुमच्याकडचा चुलीत तोंड घालून आलाय," असं ती लग्नाच्या जेवणातच सगळ्यांदेखत म्हणाली.

"आणि तुमच्याकडचा रंगरंगोटी करून," तो म्हणाला. पाहुणे बकऱ्याचा रस्सा ओरपत राहिले.

गिऱ्हाइकांना नमुना म्हणून त्याने घराच्या फाटकावर एक पक्षी काढला होता. लग्नानंतरच्या दुसऱ्याच रविवारी त्याची चोच लाल झाली. चर्चला जाण्याआधी नखं रंगवून उरलेलं नेलपॉलिश आयसिल्डाने चोचीला फासलं होतं. सोमवारी युस्टसने ते चाकूने खरवडून चोच पुन्हा काळी केली. पुढच्या रविवारी ती लाल. असं एकतीस वर्षं चाललं. यावरून घरात कधी शब्द झाला नाही. ती रविवारी लावायची, तो सोमवारी खरवडायचा. चोचीपाशी लाकडाला चांगला खळगा पडला होता.

आयसिल्डा गेली तीही रविवारीच, चर्चहून आल्यावर, ब्रेडफ्रूट भाजायला ठेवून. त्या सोमवारी खरवडायचं राहून गेलं.

पुढेही त्याने चाकू लावला नाही. पण समुद्राचा खारा वारा कोणाला विचारत नाही. जूनपर्यंत पॉलिशचे पोपडे निघाले आणि खालून काळी चोच दिसू लागली. एकतीस वर्षांनी मास युस्टस जिंकला होता, आणि ते त्याला अजिबात सोसलं नाही. तिची बाटली उघडून पाहिली तर आत सगळं वाळून गेलेलं. मग रंग जुळवायला एक पोपडा कागदात बांधून तो पोर्ट अँटोनियोच्या दुकानात गेला. बाईंचा हात गोरा की सावळा, असं दुकानातल्या मुलीने विचारलं. चोचीला लावायचंय, असं त्याने सांगितलं. तिने पोपड्याशी जुळणारी बाटली काढून दिली.

रविवारी सकाळी चर्चचा कोट घालून तो फाटकापुढे स्टुलावर बसला होता. शेजारचा डडली चर्चला निघाला होता, तो थबकला.

"मास युस्टस, चोच चुकली तुमची."

"माहीत आहे."

"मग उद्या खरवडणार?"

"खरवडावी तर लागणारच," मास युस्टस ब्रश न उचलता म्हणाला. "नाहीतर पुढच्या रविवारी ती लावेल कुठे?"

डडली पॉलिश वाळेपर्यंत थांबला, मग दोघं बरोबरच चर्चला गेले.