परसातल्या चिंध्या

मिरची मधोमध मोडायची, मोडलेलं टोक जिभेच्या शेंड्याला लावायचं, डोळे गच्च मिटायचे आणि मग निकाल द्यायचा, ही माझ्या घरमालकीण मावशीची रीत होती. निकाल दोनच. "चव हाय, भर नाय," नाहीतर "भर हाय, चव नाय." भर म्हणजे झाडाला लागणारा माल. माणसांनाही ती याच मापाने मोजायची. माझ्यात भर नव्हती हे दिसतच होतं. चवीचं विचारायचा धीर मला झाला नाही.

मी कर्जत स्टेशनाच्या मालधक्क्यावर कारकून होतो आणि दहिवलीत तिच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत राहायचो. एकटा माणूस दिसला की शेजारपाजारचे एखादं स्थळ सुचवतात. मावशीने मला परसात नेऊन विलायती वांगं खायला घातलं. आज ज्याला आपण टोमॅटो म्हणतो ते हेच. कापलं की मांसासारखं दिसतं म्हणून आळीत कोणी त्याला शिवत नसे. मावशीने माथेरानच्या एका बंगल्यावरच्या माळ्याकडून बी आणून दोन जाती लावल्या होत्या. चुण्याचुण्यांचं आंबट वांगं झाडाला जेमतेम चारच लागायचं, पण त्याचं सार मी अजून विसरलो नाही. दुसरं गोल, गुळगुळीत, लगडून यायचं आणि त्याला पाण्याची चव होती. ते माथेरानला विकायला जायचं. आंबट मात्र ती आणि मी खायचो, आणि आळी आमच्याकडे संशयाने बघायची.

तिचा खरा जीव मिरचीत होता. मावशीचं माहेर पोशीर गावचं. लग्नात आईने पदराला बी बांधून दिलं, तीच ही मिरची: बारीक, वाकडी, आणि मोडताच एक वास यायचा, तळलेल्या तिळासारखा. मी तिखटाला भिणारा माणूस, पण तो वास आला की भाकरी आपोआप हातात यायची. शेजारच्या वाफ्यात सुनेची मिरची असे. सून घाटावरची, तिने आपल्या माहेरचं बी आणलेलं. लांब, जाड, टोपल्या भरून निघायची. बाजारात तीच जायची, म्हणून मावशीला ती सोसावी लागे.

पण दोन जाती शेजारी लावल्या की बिघडतात. पुढच्या वर्षी मावशीच्या बियातून निम्मी झाडं सुनेच्या वळणावर जायची, आणि फळ बारीक, वाकडं दिसलं तरी चवीचं काही कळायचं नाही. म्हणून ती दर माघात एकेका झाडाची मिरची चाखायची, आणि जिथे पोशीरची चव सापडेल त्या झाडाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधीचं झाड बियाचं. त्याची मिरची झाडावरच वाळायची, घरात चटणीचा खडखडाट असला तरी त्याला हात लावायचा नाही. हे चिंधी बांधणं तिने सुनेला कधी करू दिलं नाही.

एका उन्हाळ्यात तापाची साथ आली. सगळा गाव माळावर झोपड्या घालून राहिला. काही घरांतली माणसं परतलीच नाहीत. मावशी परतली, पण अर्धी होऊन.

पुढच्या माघात मी नेहमीसारख्या दोन्ही वांग्यांच्या फोडी तिच्या हातावर ठेवल्या. हा आमचा जुना खेळ. ती डोळे मिटून ओळखायची. या वेळी तिने पाणचट फोड खाल्ली आणि म्हणाली, "चव हाय, भर नाय." मी हसलो. मला वाटलं, माझी थट्टा चालली आहे. दुसऱ्या दिवशी ती डोळे पुरते मिटेना. किलकिल्या डोळ्यांनी फोडीच्या चुण्या बघत होती. मग मला हसू आलं नाही.

"तापात चव गेली रं भाऊ," ती म्हणाली. "मिरचीनं जीभ नुसती जळते. मिरची कळत नाय."

मी म्हटलं, सुनेला चाखू दे. तिने मान हलवली. सुनेची जीभ घाटावरची, तिला पोशीरची चव काय कळणार, असं तिचं म्हणणं. मग मीच चाखायला बसलो. दोन झाडांत माझे डोळे आणि नाक वाहू लागलं, तिसऱ्याला उचकी लागली, आणि त्यानंतर मला सगळ्या मिरच्या सारख्याच लागल्या. मावशीने मला पाणी आणून दिलं.

"राहू दे," म्हणाली. "तुज्यानं नाय व्हायचं."

तिचं जेवणही सुटत गेलं. सून ताट पुढे करायची, दोन घास पोटात जायचे. फाल्गुनात ती गेली. ताप नाही, खोकला नाही. खाण्यात काही उरलं नव्हतं, एवढंच मला समजलं, आणि मला फार वाईट वाटलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सुनेने मला परसात बोलावलं. आजारपणात तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. मावशीच्या वाफ्यात एकूण एक झाडाला चिंधी बांधलेली होती. हिरव्या लुगड्याची, नीट फाडलेली, दुहेरी गाठ मारलेली. वाफा लालभडक झाला होता, मिरच्या वाळून वाऱ्यावर वाजत होत्या, आणि एकही तोडलेली नव्हती.

"आत्याबाईंनी बांधलंय," सून म्हणाली. "सगळंच बियाला ठिवायचं म्हणायचं का?"

मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार? तिने सगळ्या मिरच्यांचं बी एकाच मडक्यात भरलं, राख घातली आणि चुलीवर टांगलं.

पुढे मी दहिवलीत बरीच वर्षं होतो. त्या परसात दर साली मिरची उदंड यायची, आणि सून आठवणीने माझ्या दारात सूप भरून ठेवायची. कधीमधी, एखाद्या जेवणात, भाकरीबरोबर एक मिरची मोडली की तो तळलेल्या तिळाचा वास यायचा. मी हातातला घास तसाच ठेवून सुनेला हाक मारायचो. ती धावत यायची, वास घ्यायची, "हीच," म्हणायची, आणि मग आम्ही दोघं परसाकडे बघत उभे राहायचो. मिरची कुठल्या झाडाची होती, ते कोणालाच सांगता यायचं नाही.